येळवशीचं उरलं-सुरलं

शनिवार, १२ ऑगस्ट १९७८

पोरं दोन झाडांखाली बसली!

एवढं मोठं रान. ओढ्याकाठी चिंच आहे, लिंब आहे, बाभळी आहेत. मी म्हटलं, बसा कुठंही, हवं तसं. गावातली सगळी पोरं गेली चिंचेखाली आणि बौद्धवाड्यातली पाच जण गेली लिंबाखाली. मधे उन्हात मी. हातात खडू — रानात खडू कशाला आणला होता देव जाणे.

वर्गात ती पाच जण दाराजवळ बसतात. मला वाटायचं, हे खोलीमुळं होतंय. सतरंजी तोकडी, भिंती जवळ, आणि हणमंतप्पा गुरुजींनी वर्षानुवर्षं चालवलेली बसण्याची पद्धत. गुरुजी आमचे हेडमास्तर. ते आणि मी, एवढीच आमची शाळा. बाहेर नेलं की सगळं आपोआप सुटेल असं धरून चालले होते. बिदरच्या शिबिरात परिसर अभ्यासाचे ते कानडी सर म्हणाले होते, मुलांना झाडापाशी न्या, झाड कुणाला जात विचारत नाही. मी टाळ्या वाजवल्या होत्या. जोरात.

झाडानं नाही विचारली. पण पोरांना ती आधीच ठाऊक होती, त्याचं काय?

परत आलो तेव्हा गुरुजी शाळेच्या पायरीवर पानाला चुना लावत बसले होते. "झाली का सहल, बाई?" झाली म्हटलं. दुसरं काय सांगणार!

शनिवार, १९ ऑगस्ट

आज मीच जोड्या लावल्या. एका जोडीला एक झाड, वर्षभरासाठी. पालवी कधी, फूल कधी, कोण पाखरू येतं, सगळं दोघांनी मिळून बघायचं. एक गावातलं, एक वाड्यातलं — पाच जोड्या तशा झाल्या. उरलेल्यांच्या आपापसात.

रेवणसिद्धप्पा पाटलांची नात महानंदा आणि पिराजीची विशाखा यांना ओढ्यावर वाकलेली बाभळ आली. सुगरणीची घरटी लोंबतात ती. महानंदानं नाक मुरडलं. "बाई, मला बाभळ नको. काटे हायत." बाभळीबद्दल बोलली, विशाखाबद्दल नाही. मला केवढा आनंद! किती थोडक्यात खूश व्हायला लागले आहे मी.

मग तहान लागली. सगळी ओढ्यावर. महानंदा पाणी प्यायला वरच्या अंगाला सरकली आणि विशाखा आपण होऊन खालच्या अंगाला. दोघींना कुणी काही म्हटलं नव्हतं. दोघी एकमेकींशी बोलता बोलताच सरकल्या, सुगरणीबद्दल, मधे बोलणं तुटलंसुद्धा नाही! बारा वर्षांच्या पोरी. अंग चोरून घेणं श्वासासारखं येतं त्यांना.

मी दोघींच्या मधे बसून पाणी प्याले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शनिवार, १६ सप्टेंबर

आज दोघी कडाकडा भांडल्या. घरटं खाली पडलेलं सापडलं, ते कुणी घरी न्यायचं यावरून.

"तू बापजन्मात सुगरण बघितली न्हाईस!"

"तूच बघितलीस का? मगाशी चिमणी म्हनायलीस!"

महानंदानं हिसका मारला, विशाखानं ढकलून दिलं, महानंदा चिखलात. मी धावले — आणि थांबले. गावातली पोरं आजवर यांच्याशी भांडतसुद्धा नव्हती. भांडायला तरी समोरचा माणूस जवळ यावा लागतो ना. थोड्या वेळानं दोघी घरट्याच्या काड्या उसवत शेजारी शेजारी बसलेल्या, महानंदाचा परकर चिखलानं माखलेला. ईरम्मांनी, म्हणजे तिच्या आजीनं, विचारलं तर काय सांगायचं हे विशाखा तिला पढवत होती. "घसरून पडले म्हन."

घरटं शेवटी कुणीच नेलं नाही. माझ्या खिडकीत आहे.

रविवार, १७ सप्टेंबर

हे आले. हुमनाबादच्या कचेरीत कारकून, आठवड्यातून एक दिवस नवरा. बसल्या बसल्या घरट्याकडे बघून म्हणाले, "रानात काय शिकवतेस गं? चिंचा पाडायला?" मग नेहमीचं. हुमनाबादला बदली मागून घे. तिथं गर्दी आहे, लॉऱ्या आहेत, रात्रंदिवस धाबे चालू, कुणाला कुणाची पडलेली नाही. इथं एकटी राहून कुणाचं भलं करतेस?

मी म्हटलं, मार्चपर्यंत थांबा. विशाखा सातवीच्या परीक्षेला बसणार आहे. वाड्यातली पहिली मुलगी. ती पास झाली की बदलीचं बघू.

"अच्युतरावांची बायको फार हट्टी, असं लोक म्हणतात," हे म्हणाले. लोक कशाला, हेच म्हणतात.

शनिवार, १८ नोव्हेंबर

आज पाणी पिताना कुणी वर गेलं नाही, कुणी खाली गेलं नाही. महानंदा आणि विशाखा एकाच दगडावर ओणवून प्यायल्या. एकीनं दुसरीच्या तोंडावर पाणी उडवलं. मी झाडाआड जाऊन डोळे पुसले. वेडीच आहे मी.

आणि सोमवारी वर्गात पाचही जण पुन्हा दाराजवळ बसणार, हेही मला माहीत आहे. गेले तीन महिने तेच चाललंय. रानात जोडी, वर्गात दार. महानंदा तर वर्गात तिच्याकडे बघतसुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, विशाखा, इकडं पुढं ये. आली. उभीच राहिली. कुणी सरकून जागाच दिली नाही. महानंदानं पुस्तकात डोकं खुपसलं. मग मीच म्हटलं, जा, बस जाग्यावर.

"जाग्यावर" — मीच म्हटलं!

शनिवार, २३ डिसेंबर

शुक्रवारी येळवस. पोरांच्या तोंडी दुसरा विषय नाही. आमच्या या भागात त्या अमावस्येला गावात चूल पेटत नाही म्हटलं तरी चालेल. सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना नैवेद्य, मग आंबील, भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर — शेतात बसून पोट फुटेस्तोवर जेवायचं. वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हात धरून बसवतात.

सगळी कलकल करत होती आणि ती पाच जण गप्प. विशाखा बाभळीची शेंग सोलत बसली होती. मी मनात म्हटलं, यांना कोण बोलावतंय! बिचारी त्या दिवशी रिकाम्या गावात बसून राहत असणार.

आणि एकदम सुचलं. येळवस पाटलांच्या रानात — सगळ्या वर्गाची! यापरती रानशाळा कुठली? एकत्र जेवण, आणि तेही शिबिरातल्या सरांच्या नाही, आपल्या मातीतल्या रीतीनं.

संध्याकाळी रेवणसिद्धप्पांकडे गेले. घाबरतच. पाचही पोरं येतील असं स्पष्ट सांगितलं. ते सुपारी कातरत होते. कातरतच राहिले. मग म्हणाले, "येऊ द्या की बाई. येळवस हाय. रानात कोन कुनाला नको म्हनतंय?" ईरम्मा आतून म्हणाल्या, "लेकरं जेवली तर पीकच वाढतंय. दोन शेर भज्जी जास्ती करते."

येताना मी रस्त्यात गुणगुणत होते.

शुक्रवार, २९ डिसेंबर

झालं! एका पंगतीत झालं!

लिहिताना हात थांबत नाहीये. तुरीच्या कडेला ज्वारीचा कडबा पसरून सगळी बसली. जोडीनंच बसा म्हटलं आणि बसली. ईरम्मांनी स्वतः वाढलं. आंबिलीचं मडकं एकच. रेवणसिद्धप्पा कोपीपाशी पटका सावरत उभे होते, बघत होते, बोलले काही नाहीत. मला ते पुरे होतं. महानंदानं आपल्या पानातला उंडा विशाखाच्या पानात टाकला. मग पोरांनी शेताभोवती आंबील शिंपडत आरोळ्या ठोकल्या.

विशाखा फारशी जेवली नाही. पाचही जण कमीच जेवली. सवय नाही, बुजली असतील.

उन्हं कलल्यावर ईरम्मा म्हणाल्या, "रानातलं अन्न गावात परत न्यायचं नसतं आमच्यात. ह्या लेकरांच्या घरी धाडा, बाई." किती मन मोठं! मी स्वतः पळसाच्या पानांत बांधलं. भज्जी, उंडे, तिळाची पोळी. पाच पुडकी. विशाखानं हात मागं घेतला. "नको, बाई."

"लाजतेस काय, वेडे! आईला दे. सावित्रीबाईंना सांग, बाईंनी दिलंय."

"नको की."

मी पुडकं तिच्या ओढणीत बांधलं आणि गाठ मारली. गाल ओढला तिचा. मग ती पाच जण ओळीनं बांधावरून गेली, पुडकी घेऊन. सूर्य मावळायला आला होता. किती गोड दिसत होतं ते. आज मला झोप यायची नाही!

शनिवार, ३० डिसेंबर

सकाळची शाळा. कुलूप काढायला गेले तर पायरीवर पाच पुडकी. न सोडलेली. मुंग्या लागलेल्या.

शेजारी पिराजी उभा. विशाखाचा बाप. उंच माणूस, कधी आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही. तेच वाईट. ओरडला असता तर मीही ओरडले असते.

म्हणाला, "हे तुमचं घ्या माघारी."

मी म्हटलं, अहो, शिळं नव्हतं ते, चांगलं ताजं —

"ताजं व्हतं. म्हाईत हाय मला ताजं व्हतं." पुडक्यांकडे बघत म्हणाला, "आमचा आज्जा येळवशीला पाटलाच्या शिवंवर टोपलं घिऊन थांबायचा. दिस मावळताना. ह्या रानातनं त्या रानात. उरलं-सुरलं वाढा म्हनायचा. आमचा हक्क व्हता म्हनं त्यो! मी लहान व्हतो. संगं जायचो. भज्जीत आंबील, आंबिलीत खीर, सगळं एकाच टोपल्यात. छप्पन सालानंतर आमच्या बानं दीक्षा घेतली, आन् पैलं काम काय केलं? टोपलं जाळलं. सगळ्या वाड्यानं आपापलं टोपलं दारात आनून जाळलं. उपाशी निजलो त्या येळवशीला, पर गेलो न्हाई. बावीस वर्सं त्या दिवसाचं अन्न आमच्या उंबऱ्याच्या आत आलं न्हाई. काल माझी लेक घिऊन आली, बाई. वढनीत बांधून. शिवंवरनं."

आणि ते पांडवांचे दगड! त्यांच्यापुढं मी पोरांना हात जोडायला लावले. ज्यांच्या आज्यांनी दीक्षा घेताना शपथा घेतल्या, देव सोडले, त्यांच्या नातवंडांना. मला ते धर्मातलं वाटलंच नाही. मला वाटलं, शेत आहे, जेवण आहे, आपल्या सगळ्यांचं आहे.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

"पोरगी नको म्हनली व्हती का तुमाला?"

हो म्हटलं. खोटं बोलता आलं नाही.

"मग?"

एवढं विचारून तो गेला. पाचपैकी एकही जण आज शाळेत आलं नाही. मी पुडकी उचलून मागच्या उकिरड्यावर टाकली. हणमंतप्पा गुरुजी बघत होते.

रविवार, ३१ डिसेंबर

हे आले नाहीत. बरं झालं. आरशात बघवत नाही.

बुधवार, ३ जानेवारी १९७९

वाड्यात गेले. पिराजीच्या घरी. मोठं धैर्य करून वगैरे.

माफी मागितली. सावित्रीबाईंनी चहा केला. कपबशी पुढं ठेवली आणि दोघं नवराबायको माझ्याकडे बघत बसली. मी प्याले. शेवटच्या घोटापर्यंत. कप खाली ठेवताना मनात आलं, बघा, प्याले की नाही! — आणि पिराजीनं ते माझ्या तोंडावर वाचलं.

"पिलात, बाई. लई उपकार झाले."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

विशाखा घरात नव्हती. सोमवारीच हुमनाबादला धाडली, आत्याकडे. आत्या म्हणजे शोभाबाई. ती रोजावर जाते, तिची तीन लेकरं सांभाळायला कुणी नाही. मी म्हटलं, शाळा? परीक्षा? मार्चात परीक्षा आहे हो! एवढी दोन महिन्यांची तर गोष्ट. मी गयावया केली. मी रडले. सावित्रीबाईंनाही रडू आलं, पण त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघून गप्प राहिल्या.

पिराजी म्हणाला, "तुमी वाईट न्हाईत, बाई. वाईट मानसाचं आमाला कळतंय, कसं वागायचं ते. तुमच्या मनात आमी निस्ते घेनारे हाओत. आमचं रान न्हाई का? वढ्याच्या पल्याड जवारी हुबी हाय आमची, पुरुषभर. सगळी साळा रानारानात हिंडवलीत, पिराजीच्या रानात जावं असं कवा तुमच्या डोस्क्यात आलं का?"

नाही आलं. खरंच नाही आलं. ओढ्यापर्यंत गेलो दर शनिवारी, ओढा ओलांडला नाही. त्याला रान आहे हेसुद्धा मी विसरले होते. मला वाटलं, येळवशीला ती पोरं रिकाम्या गावात बसत असणार — आणि त्यांच्या घरी उभं पीक होतं. ती येळवस करत नव्हती, कारण त्यांनी ती सोडली होती. त्यांची शांतता मी भूक म्हणून वाचली. शिकवणारीण म्हणे मी!

शनिवार, ६ जानेवारी

आता दुसरी बाजू. ती यायचीच होती.

पुडकी उकिरड्यावर सापडली. कुणी सांगितलं ते विचारायला नको. रेवणसिद्धप्पा शाळेत आले, पायरी चढले नाहीत. "आमच्या ईरम्मानं हातानं वाढलेलं अन्न उकिरड्यावर? येळवशीचं? लक्ष्मी लाथाडली म्हना की! मी शब्द काढला न्हाई त्या दिवशी, सगळी एका वळीत बसली तरी. माझं चुकलं."

मी म्हटलं, मी टाकलं. त्यांनी नाही, मी टाकलं.

"तुमाला कोन इच्यारायलंय, बाई? परत कुनी आनून ठिवलं?"

महानंदा यापुढं रानात यायची नाही. गावातल्या इतर घरांनीही निरोप धाडले. गुरुजी म्हणाले, "शनिवारी कवायत घेऊ या, बाई. मैदानावर. कवायतीत काही भानगड होत नाही." त्यांच्या आवाजात उपहाससुद्धा नव्हता. समजूत घालत होते माझी.

म्हणजे एका घराला मी अन्न दिलं म्हणून राग, दुसऱ्याला ते परत केलं म्हणून. दोघांचाही खरा. मधे दोन पोरी होत्या, त्यांना कुणी विचारलंच नाही. मी तरी कुठं विचारलं?

झाडं बघणं संपलं. बाभळीला यंदा कधी फूल येतं ते आता कोण बघणार?

सोमवार, १५ जानेवारी

काल संक्रांत झाली. आज वर्गात तिळगूळ वाटला. वाड्यातली चार जण परत यायला लागली आहेत, विशाखा सोडून. त्यांच्यापुढं डबा धरला. चौघांनी हात मागं घेतले, पाठीमागं बांधून उभी राहिली. बरोबर आहे. आता मी देईन ते कुणी घेणार नाही. डबा तसाच मिटला आणि फळ्यावर काहीतरी लिहायला वळले. काय लिहिलं ते आठवत नाही.

शाळा सुटल्यावर महानंदा रेंगाळली. "बाई, विशी कामून येईना?"

मी चिडलेच होते. सगळं सांगून टाकलं, आज्जा, टोपलं, जाळलेलं, सगळं. बारा वर्षांच्या पोरीला. तिचाच पणजा किंवा आजा त्या बांधावर वाढत असणार हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग भलतंच विचारलं.

"टोपलं घिऊन कुठं थांबायचे त्ये? आत का भाईर?"

"बाहेर. बांधावर. आत यायची परवानगी नव्हती."

"काय म्हनायचे?"

सांगितलं. ती गेली. पोरांना कशाचं कुतूहल वाटेल सांगता येत नाही. इकडं माझं काळीज जळतंय आणि हिला आत का बाहेर!

शुक्रवार, १९ जानेवारी

ह्यांना निरोप धाडला. बदलीचं बघा म्हणून. जूनपासून हुमनाबाद.

सोमवार, २२ जानेवारी

खिडकीतलं घरटं काढून टाकलं. काड्या घरभर झाल्या. झाडून काढल्या.

दुपारी रस्त्यात सावित्रीबाई भेटल्या. विशाखा काय करते विचारलं. "लेकरं सांभाळायलीय. पुस्तकं घिऊन गेली व्हती, आत्यानं माळ्यावर ठिवली म्हनं." आणि म्हणाल्या, "हे आतनं झुरायलेत, बाई. पर शब्द माघारी घ्यायचे न्हाईत."

तिला त्या शाळेत आणलं मी. वाड्यात जाऊन, पिराजीच्या मागं लागून, वर्षभर. आणि तिला तिथून घालवली ती कुण्या पाटलानं नाही. मी घालवली, गाल ओढून, गाठ मारून. मला कुणी शिक्षाही केली नाही. पगार झाला वेळेवर.

शनिवार, २७ जानेवारी

कवायत संपवून घरी आले, भात टाकला, तोच पिराजी दारात. धापा टाकत.

"बाई, चला. पाटलाची नात आमच्या बांधावर टोपलं घिऊन थांबलीय! आत ये म्हनलं तर येईना. उरलं-सुरलं वाढा म्हनायलीय. सावित्री रडायलीय नुस्ती. काय करू सांगा. मोकळी धाडली तर लेकराला न्हाई म्हनल्यावानी व्हतंय. भरून धाडली तर घरी तिला मारत्याल, आन् उद्या गाव माझ्या दारात. काय करू?"

चूल विझवली की नाही आठवत नाही. ओढा ओलांडला, पहिल्यांदा. ज्वारी खरंच पुरुषभर. बांधावर महानंदा, डोक्यावर फडकं, हातात टोपलं, तोंड उन्हानं लाल. रडत नव्हती. मी म्हटलं, हे काय, गं? घरी विचारलंस का?

"टोपलं आज्जीचं हाय," एवढंच म्हणाली. आजीनं दिलं की हिनं उचललं, ते सांगेना. मग पिराजीकडे वळून म्हणाली, "विशी नको म्हनली व्हती. म्या बघितलं व्हतं. आता तुमी वाढा, मंग फिटंल."

पिराजी माझ्याकडे बघत राहिला. या वेळी मी काहीच सांगितलं नाही. जीभ दातांखाली धरून उभी राहिले.

तो आगटीकडे गेला. भाजलेली कणसं चोळली, हुरडा पाखडला. सावित्रीबाईंनी भाकरी आणि हरभऱ्याचा ढाळा आणला. टोपल्यात टाकताना त्यानं प्रत्येक जिन्नस वेगळा ठेवला, मधे पळसाची पानं घालून. एकात एक मिसळू दिलं नाही. मग टोपलं तिच्या डोक्यावर दिलं आणि त्याचा हात तसाच वर राहिला.

ती गावातल्या मधल्या रस्त्यानं गेली. पाटलांचं दार उघडलं, मिटलं. मी समोरच्या लिंबाखाली दिवे लागेपर्यंत थांबले. आवाज आला नाही. कसलाच. मला भीती वाटतेय.

रविवार, २८ जानेवारी

उजाडताच शाळेची पायरी बघून आले. पायरीवर काही नाही. उकिरडाही बघितला, तिथंही नाही.

पिराजी पहाटेच्या गाडीनं हुमनाबादला गेलाय, विशाखाला आणायला.